डोंगर सोडला तरी अटी डोंगराच्याच: अल्पाइन लार्कस्परची ओळख

युरोपातल्या बागांच्या छायाचित्रांत भिंतीलगत माणसाच्या उंचीचे निळे तुरे ओळीने उभे दिसतात. दांडा सरळसोट, त्यावर खालून वरपर्यंत फुलं खच्चून भरलेली, आणि निळा इतका खरा की फोटोला रंग चढवलाय की काय अशी शंका यावी. हे डेल्फिनियम. फुलवाल्यांकडे आणि बियाण्यांच्या पाकिटांवर ज्यांना नुसतं 'डेल्फिनियम' म्हणतात त्या उंच, बहुवर्षायू जातींपैकी बहुतेकांची मूळ आई एकच आहे: डेल्फिनियम इलेटम, म्हणजेच अल्पाइन लार्कस्पर. लिनियसने १७५३ साली तिला हे शास्त्रीय नाव दिलं. कूळ रॅननक्युलेसी, म्हणजे मोरवेल आणि वत्सनाभ ज्या कुळातले आहेत तेच.

ही वनस्पती लोक दोन कारणांनी ओळखतात. एक तिचा निळा रंग आणि दुसरं तिचं विष. तिसरं कारण माळीमंडळींना विचारलं तर कळतं: ती लाडावलेली आहे, हट्टी आहे, दोन वर्षं दिमाखात फुलते आणि तिसऱ्या वर्षी कुजून जाते. माझं म्हणणं असं की तिला हट्टी म्हणणं अन्यायाचं आहे. ती जिथून आली ती जागा नीट समजली की तिची प्रत्येक मागणी रास्त वाटायला लागते. म्हणून सुरुवात तिच्या घरापासून करू.

घर कुठे आहे

नावात आल्प्स असला तरी ही एकट्या आल्प्सची रहिवासी नाही. पश्चिमेला फ्रान्समधल्या आल्प्सपासून ती सुरू होते, मध्य युरोपातल्या सुडेटेन आणि कार्पेथियन डोंगरांतून रशियात जाते, उरल ओलांडते, सायबेरिया आणि अल्ताई पर्वतरांगांतून मंगोलिया आणि चीनच्या शिनजियांगपर्यंत पोचते. मात्र नकाशावर हा सगळा पट्टा एका रंगाने भरला तर चित्र चुकेल. पूर्वेकडे ती सलग आणि भरपूर आहे. सायबेरियात जंगलातल्या मोकळ्या जागी, ओढ्याकाठी, अगदी कमी उंचीवरही ती सहज उगवते. पश्चिमेकडे मात्र ती तुकड्यातुकड्यांत सापडते: या डोंगरावर आहे, पुढच्या चार डोंगरांवर नाही, मग पुन्हा एखाद्या घळीत आहे.

असे विखुरलेले तुकडे दिसले की वनस्पतिशास्त्रज्ञांना हिमयुगाची आठवण येते. हवा थंड होती तेव्हा थंडी मानवणाऱ्या अशा वनस्पती सखल भागातही पसरलेल्या असायच्या. हवा तापली, जंगलं परत आली, आणि या वनस्पती वर सरकत डोंगरांवरच्या थंड, ओल्या कोपऱ्यांत अडकून राहिल्या. मध्य युरोपातले तिचे तुकडे म्हणजे त्या जुन्या पसाऱ्याचे अवशेष.

आता 'अल्पाइन' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खडकाच्या फटीत चिकटलेलं बोटभर झुडूप येतं. लार्कस्पर तशी अजिबात नाही. ती वाढते झाडांची सीमा जिथे संपते त्याच्या आसपास, ओढ्याच्या काठाने आणि घळीच्या तळाशी, जिथे वरून वाहून आलेली सुपीक माती साठते. तिथे कमरेइतक्या, छातीइतक्या उंच पालेदार वनस्पतींची दाटी असते. हिवाळ्यात यावर बर्फाचं जाड पांघरूण असतं. वसंतात ते वितळतं आणि उन्हाळाभर मातीला गार पाणी मिळत राहतं, पण ते वाहतं असतं, साचत नाही. चेक प्रजासत्ताकातल्या येसेनिकी डोंगरांत वेल्का कोटलिना नावाचा एक हिमनदीने कोरलेला खोलगट उतार आहे. तिथे हिवाळ्यात हिमलोट कोसळतात आणि मोठी झाडं मोडून नेतात. झाडांना तिथे पाय रोवता येत नाहीत, म्हणून सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोचतो आणि अशा उंच फुलझाडांना जागा मिळते. लार्कस्पर तिथे आहे. झाडाला जी जागा घातक, ती हिला सोयीची, कारण हिचा वरचा सगळा भाग हिवाळ्यात मरूनच जातो. जिवंत राहतो तो जमिनीखालचा गड्डा. हिमलोट मोडणार काय?

हे वर्णन जरा लांबलं खरं, पण बागकामाच्या सगळ्या सूचना यातच दडलेल्या आहेत: सुपीक माती, गार मुळं, सतत ओल पण निचरा पक्का, भरपूर प्रकाश, लांब आणि थंड हिवाळा.

डेल्फिनियम या प्रजातीत तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या उत्तर गोलार्धातल्या. सर्वात जास्त विविधता चीनच्या डोंगराळ भागात. थोड्या जाती आफ्रिकेतल्या उंच पर्वतांवरही पोचल्या आहेत. आणि एक जात आपल्याला फारच जवळची आहे: पश्चिम घाटाखेरीज कुठेच न सापडणारी निळवंती, शास्त्रीय नाव डेल्फिनियम मलबारिकम. पाऊस ओसरल्यावर डोंगरउतारावर निळवंती फुललेली ज्याने पाहिली आहे त्याला अल्पाइन लार्कस्परचं फूल परकं वाटणार नाही. आकारमान वेगळं, हवामान वेगळं, पण घराण्याचा चेहरा तोच.

फूल उलगडून पाहिलं तर

या फुलात बघणाऱ्याची गंमतशीर फसगत होते. आपण ज्यांना निळ्या पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नाहीतच. ती पाच संदलं आहेत, म्हणजे इतर फुलांत जी हिरवी असून कळीला झाकतात तीच. इथे त्यांनी रंग धारण केलाय. वरचं संदल मागच्या बाजूला लांब निमुळत्या नळीसारखं वाढतं. या नळीला शुंडिका म्हणतात.

खऱ्या पाकळ्या चारच, आकाराने लहान, फुलाच्या मध्यभागी गोळा झालेल्या. रानटी इलेटममध्ये त्या काळपट तपकिरी असतात. इंग्रज माळी या मधल्या गोळ्याला 'बी', म्हणजे मधमाशी, म्हणतात, कारण लांबून पाहिलं तर फुलात एखादी माशी बसल्यासारखी वाटते. त्यातल्या खालच्या दोन पाकळ्यांवर पिवळ्या केसांचा झुपका असतो. वरच्या दोन पाकळ्यांना मागे स्वतःच्या बारीक नळ्या असतात आणि त्या संदलाच्या शुंडिकेत आत घुसलेल्या असतात. नळीच्या आत नळी, आणि अगदी टोकाला मकरंद. एखादं फूल हातात घेऊन शुंडिका नखाने उभी चिरली की ही रचना लगेच दिसते. एकदा पाहिली की विसरत नाही. चिरल्यावर हात मात्र धुवायचे, का ते पुढे येईल.

इतक्या आत ठेवलेला मकरंद कुणासाठी? लांब सोंडेच्या बंबलबींसाठी. थंड डोंगरात सकाळी सूर्य जेमतेम वर आलेला असताना साधी मधमाशी गारठलेली असते, पण केसाळ बंबलबी अंगातले उडण्याचे स्नायू थरथरवून स्वतःला गरम करते आणि कामाला लागते. तिची सोंड शुंडिकेच्या टोकापर्यंत पोचते.

तुऱ्यातली फुलं खालून वर उमलत जातात. प्रत्येक फूल आधी नर अवस्थेत असतं: परागकोश पिकतात, पराग देतात. ते आटोपल्यावर मग स्त्री अवस्था येते आणि कुक्षी पराग घ्यायला तयार होते. म्हणजे कोणत्याही क्षणी तुऱ्याच्या खालच्या बाजूला स्त्री अवस्थेतली फुलं आणि वर नर अवस्थेतली. मकरंदही खालच्या, जुन्या फुलांत जास्त. बंबलबी साहजिकच खालून सुरुवात करते आणि वर चढत जाते. दुसऱ्या झाडावरून आणलेले पराग ती खालच्या फुलांना देते, मग वर जाऊन नवे पराग अंगावर घेते आणि उडून पुढच्या झाडाच्या तळाशी उतरते. स्वतःचे पराग स्वतःवर पडणं यामुळे बरंच टळतं. उमलण्याचा क्रम, मकरंदाची वाटणी आणि कीटकाची सवय या तीन गोष्टी एकमेकींत अशा चपखल बसल्या आहेत की तुऱ्यासमोर उभं राहून एका बंबलबीवर नजर ठेवली तर सगळा प्रकार उघड्या डोळ्यांनी दिसतो.

निळा कसा होतो

फुलांत निळा रंग दुर्मीळ. बरीचशी 'निळी' फुलं खरं तर जांभळट असतात. डेल्फिनियमचा निळा मात्र जातिवंत निळा.

लाल, गुलाबी, जांभळ्या आणि निळ्या फुलांमागे बहुतेकदा अँथोसायनिन गटाचे रंगरेणू असतात. त्यांचे तीन मुख्य सांगाडे आहेत: पेलार्गोनिडिन, सायनिडिन आणि डेल्फिनिडिन. या तिघांत फरक एवढाच की रेणूच्या एका कड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात तीन. जोड्या वाढत गेल्या की रंग शेंदरीकडून निळ्याकडे सरकतो. डेल्फिनिडिनला नाव मिळालं ते लार्कस्परवरूनच. रिशार्ट व्हिल्श्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लार्कस्परच्या फुलांतून तो वेगळा काढला. १९१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना वनस्पतींतल्या रंगद्रव्यांवरच्या, विशेषतः हरितद्रव्यावरच्या कामासाठी मिळालं. हाच सांगाडा काळ्या द्राक्षांच्या सालीतही असतो.

पण मग द्राक्षं निळीशार का नसतात? कारण नुसता डेल्फिनिडिन पुरत नाही. निळ्या डेल्फिनियमच्या संदलांत या सांगाड्यावर शर्करेचे आणि पी-हायड्रॉक्सिबेन्झोइक आम्लाचे अनेक तुकडे साखळीने जोडलेले असतात. या भल्यामोठ्या रेणूला सायनोडेल्फिन म्हणतात. त्या साखळ्या दुमडून रंग देणाऱ्या मधल्या भागावर येतात आणि पाण्यापासून त्याचं रक्षण करतात. पाणी तिथे पोचलं तर रंग फिका पडतो. साखळ्या कमी असल्या की जांभळट छटा येते, भरपूर असल्या की स्वच्छ निळी.

गुलाबात निळा का येत नाही याचंही उत्तर इथेच सापडतं. ती तिसरी जोडी बसवणारं विकरच गुलाबाकडे नाही, त्यामुळे तो डेल्फिनिडिन बनवू शकत नाही. २००४ साली जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्सी फुलाचं जनुक घातलेला 'निळा' गुलाब जाहीर केला आणि २००९ पासून तो विकायला आणला. त्यात डेल्फिनिडिन आहे, पण रंग फिकट जांभळा. सांगाडा मिळाला, त्यावरची कारागिरी मिळाली नाही.

विष

आता त्या हात धुण्याकडे. अल्पाइन लार्कस्परचा प्रत्येक भाग विषारी आहे. कोवळी पालवी आणि बिया सर्वात जास्त. पान जून होत जातं तसं विषाचं प्रमाण उतरत जातं.

हे विष म्हणजे एक रेणू नाही, डायटर्पिनॉइड अल्कलॉइडांचा मोठा गट आहे. इलेटममधून डेल्फेलिन, एलाटिन, मिथिललायकॅकॉनिटिन अशी बरीच अल्कलॉइडं वेगळी काढलेली आहेत. सर्वात महत्त्वाचं नाव मिथिललायकॅकॉनिटिन. जीभ वळणार नाही म्हणून शास्त्रज्ञ त्याला एमएलए म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्याचं सूत्र सी३७एच५०एन२ओ१०, म्हणजे बऱ्यापैकी मोठा, गुंतागुंतीचा रेणू.

तो करतो काय? मेंदूकडून निघालेला 'हल' हा आदेश मज्जातंतूच्या टोकाशी येतो तेव्हा तिथून असेटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडतं. समोर स्नायूच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठी ग्राही, म्हणजे त्याला धरून घेणाऱ्या जागा, असतात. असेटिलकोलीन ग्राहीवर बसलं की स्नायू आकुंचन पावतो. एमएलए त्याच जागी येऊन बसतं, पण आदेश काही पोचवत नाही. रेल्वेच्या डब्यात आरक्षण नसलेला माणूस जागा अडवून बसावा आणि खऱ्या प्रवाशाला उभं राहावं लागावं, तसं. आदेश निघतोय, रसायन सुटतंय, पण स्नायू ढिम्म. आधी अशक्तपणा, मग थरथर, मग जनावर खाली बसतं आणि उठू शकत नाही. श्वासाचे स्नायूही थकले की मृत्यू येतो. बाणांवर लावायच्या क्युरारे विषाचं कामही याच तऱ्हेचं.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. लार्कस्पर आणि वत्सनाभ जवळचे नातेवाईक आहेत, दोघांची अल्कलॉइडं एकाच रासायनिक घराण्यातली आहेत, म्हणून बरेच लेख दोघांच्या विषाचं वर्णन एकसारखंच करतात. ते बरोबर नाही. वत्सनाभातलं अॅकॉनिटिन पेशींची सोडियमची दारं उघडी ठेवतं. चेता आणि हृदय त्यामुळे बेफाम होतात, हृदयाचा ताल बिघडतो. लार्कस्परचं एमएलए जागा अडवतं आणि स्नायू गप्प करतं. सांगाडा सारखा असून परिणाम जवळपास उलटा, आणि त्यामुळे उपचारही वेगळे.

रेणूतला नेमका कोणता भाग घातक आहे हेही माहीत आहे. एमएलएच्या मुख्य सांगाड्याच्या एका कोपऱ्याला एक लांब बाजूचा गट लटकलेला असतो. तो तोडून टाकला की उरतं लायकॉक्टोनिन, आणि त्याची विषारी शक्ती उंदरांवरच्या प्रयोगांत सुमारे शंभरपट कमी भरते. या लटकत्या गटाची अल्कलॉइडं एका झाडात किती, यावर ते झाड किती धोक्याचं हे ठरतं. गंमत म्हणजे तो गट नसलेली, एकटी असताना सौम्य वाटणारी अल्कलॉइडंही सोबत असली की एमएलएचा जोर वाढवतात. झाडात एकूण अल्कलॉइड किती एवढंच मोजून म्हणूनच भागत नाही.

या विषाचा माणसाला उपयोगही झाला. मेंदूतल्या अल्फा-७ प्रकारच्या ग्राहीवर एमएलए अत्यंत कमी मात्रेत आणि फार नेमकेपणाने बसतं. स्नायूंतल्या ग्राहींवर बसायला त्याला बरीच जास्त मात्रा लागते. या नेमकेपणामुळे १९८० च्या दशकापासून ते मेंदूसंशोधनातलं नेहमीचं हत्यार झालं: स्मरणशक्तीत किंवा निकोटिनच्या परिणामांत अल्फा-७ चा वाटा किती, हे तपासायचं तर एमएलए देऊन तो ग्राही बंद करायचा आणि काय बदलतं ते पाहायचं. त्याआधी सोव्हिएत संघात डेल्फिनियमच्या अल्कलॉइडांपासून स्नायू शिथिल करणारी औषधं बनवली गेली होती. मेलिक्टीन हे त्यातलं एक, ते एमएलएचंच लवण. तोंडावाटे घेता येणं हा त्याचा मोठा फायदा, कारण क्युरारे टोचावंच लागतं. घरगुती औषध म्हणून मात्र कुणी या झाडाच्या वाटेला जाऊ नये. परिणाम करणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांत अंतर थोडं आहे, आणि कोणत्या पानात किती विष आहे ते नुसतं पाहून सांगता येत नाही.

गुरांच्या विषबाधेचा सखोल अभ्यास झाला तो अमेरिकेत. तिथल्या पश्चिमेकडच्या डोंगराळ कुरणांत डेल्फिनियम बार्बेयी, डेल्फिनियम ऑक्सिडेंटाले अशा उंच जाती वाढतात आणि त्यांनी गायीबैल मरतात. युटा राज्यात लोगन इथे अमेरिकी कृषी खात्याची विषारी वनस्पतींवरची प्रयोगशाळा आहे, आणि लार्कस्पर हा तिथला जुना विषय. तिथून निघालेली सर्वात कामाची गोष्ट म्हणजे धोक्याच्या काळाची कल्पना. पालवी कोवळी असते तेव्हा विष भरपूर, पण गुरं ती फारशी खात नाहीत. तुरे फुलल्यावर गुरांना त्याची चव लागते, आणि विष तोवर पुरेसं उतरलेलं नसतं. शेंगा तडकून बिया गळायला लागल्यावर विष बरंच कमी होतं. खरी जोखीम या मधल्या काळात. म्हणून गुरांना कुरणात कधी सोडायचं याचं वेळापत्रक पाळलं की औषधापेक्षा जास्त उपयोग होतो.

मेंढ्यांना हे विष गायींपेक्षा कितीतरी जास्त सोसतं, म्हणून काही ठिकाणी आधी मेंढ्या चारून लार्कस्पर खाली आणतात आणि मग गायी सोडतात. विषबाधा झालेल्या जनावराला निओस्टिग्मिन देता येतं. ते असेटिलकोलीनचं विघटन थांबवतं, त्याची गर्दी वाढते आणि एमएलएला जागा सोडावी लागते. खाली बसलेल्या जनावराला ओरडून, हाकून दमवू नये, हा तिथल्या पशुपालकांना दिला जाणारा सल्लाही याच कारणाने: थकलेल्या स्नायूंवर आणखी भार पडला तर श्वासच बंद पडायचा.

रानातून बागेत

रानटी इलेटमचं फूल लहान असतं, तुरा थोडा विरळ. आज जे दिसतं ते दीडशेहून अधिक वर्षांच्या निवडीचं फळ आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये नान्सीच्या व्हिक्टर लेम्वान यांनी दुहेरी फुलांच्या जाती काढल्या. इंग्लंडात सॉमरसेटमधल्या लँगपोर्टला जेम्स केलवे यांची रोपवाटिका १८५१ पासून होती, तिथे हे काम पुढे गेलं. १९०१ साली सुरू झालेली ब्लॅकमोर अँड लँगडन आजही या फुलांसाठी ओळखली जाते. १९२८ मध्ये तर ब्रिटनमध्ये डेल्फिनियमप्रेमींची स्वतंत्र संस्थाच निघाली.

जर्मनीत पोट्सडामजवळ बोर्निमला कार्ल फॉर्स्टर यांनी वेगळा विचार केला. प्रदर्शनात बक्षीस मिळवणाऱ्या फुलापेक्षा आधार न देता उभं राहणारं, बुरशीला दाद न देणारं, वर्षानुवर्षं टिकणारं झाड त्यांना हवं होतं. त्यांच्या एका जातीचं नाव 'फिन्स्टरारहॉर्न', आल्प्समधल्या एका शिखराचं. मला फॉर्स्टर यांची वाट जास्त पटते. फुलाचा आकार वाढवता येतोच, पण झाडाची डोंगरातली काटकता एकदा गमावली की परत आणणं कठीण.

चेक वंशाचे फ्रँक राइनेल्ट कॅलिफोर्नियात गेले आणि तिथे त्यांनी 'पॅसिफिक जायंट' ही मालिका घडवली. हिची खुबी अशी की कलम न करता बियांपासूनही रंग बऱ्यापैकी तसाच येतो. त्यामुळे डेल्फिनियम सर्वांच्या आवाक्यात आलं. 'ब्लॅक नाइट', 'गॅलाहॅड', 'किंग आर्थर' ही नावं आजही बियाण्यांच्या पाकिटांवर दिसतात. मोबदल्यात आयुष्य घटलं: ही झाडं बहुधा दोन-तीन वर्षांत संपतात.

लाल रंगाची कथा सर्वात चिकाटीची. इलेटममध्ये निळा, जांभळा, पांढरा, मळकट गुलाबी मिळतो, पण चटक लाल नाही. लाल जाती आहेत कॅलिफोर्नियाच्या: डेल्फिनियम कार्डिनाले आणि डेल्फिनियम न्युडिकॉले. त्यांच्यात पेलार्गोनिडिन असतं. मग संकर का करू नये? अडचण गुणसूत्रांची. बागेतल्या इलेटममध्ये गुणसूत्रं ३२, या लाल जातींत १६. संकर झालाच तर संततीला २४, त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि झाड वांझ निघतं. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनला डॉ. रॉबर्ट लेग्रो यांनी १९५० च्या दशकात यावर काम सुरू केलं. कोल्चिसिन हे रसायन वापरून त्यांनी लाल जातींची गुणसूत्रं दुप्पट केली, मग त्या दोघींचा आपसांत आणि पुढे इलेटमशी संकर केला. अनेक पिढ्यांनी लाल आणि नारिंगी डेल्फिनियम उगवली. ती 'युनिव्हर्सिटी हायब्रिड' म्हणून ओळखली गेली. निळ्या आईच्या उंचीवर मावशीचा लाल रंग चढवायला एका संशोधकाच्या कारकिर्दीचा मोठा भाग गेला.

लावायची असेल तर

बियांपासून सुरू करू. बी गळून पडतं तेव्हा आतला अंकुर अर्धवट वाढलेला असतो. बर्फाखालच्या ओल्या थंडीत तो पूर्ण होतो. म्हणून ताजं बी लगेच पेरावं, नाहीतर हवाबंद डबीत फ्रिजमध्ये ठेवावं. उबदार कपाटात ठेवलेलं बी काही महिन्यांतच निकामी होतं. 'उगवलंच नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. पेरण्याआधी काही आठवडे ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये फ्रिजमध्ये ठेवलं तर उगवण एकसारखी होते. उगवायला साधारण १२ ते १८ अंश सेल्सिअस पुरे. ऊब दिली तर लवकर उगवेल हा हिशेब इथे उलटा पडतो: तापमान फार वाढलं की बी पुन्हा झोपी जातं.

माती खोल आणि कसदार हवी, भरपूर कुजलेलं खत घातलेली, आम्लता नसलेली किंवा किंचित चुनखडीची. जागा उन्हाची, पण वाऱ्याच्या तोंडावर नको. पाणी नियमित, मात्र ते बुडाशी थांबता कामा नये. विशेषतः हिवाळ्यात झाड सुप्त असताना गड्डा पाण्यात राहिला की कुजलाच म्हणून समजा. डोंगरातल्या बर्फाने तो मरत नाही, कारण बर्फाखाली तो गार पण फारसा भिजलेला नसतो. बागेतल्या चिखलाने मरतो.

वसंतात एका गड्ड्यातून बरेच कोंब फुटतात. ते वीतभर झाले की अशक्त कोंब काढून चार-पाच दमदार ठेवावेत. हात लगेच धजत नाही, पण याने तुरे भरदार येतात आणि मधून हवा खेळल्यामुळे भुरी कमी लागते. काढलेले कोंब फेकायचे नाहीत, त्यांचीच कलमं होतात, आणि आवडत्या झाडाची हुबेहूब प्रत मिळवायचा हाच खात्रीचा मार्ग. कोंब ८ ते १० सेंटिमीटरचा असताना मातीत बोटं घालून, गड्ड्याला जिथे जोडलाय अगदी तिथून, बुडाचा थोडासा टणक भाग घेऊन धारदार चाकूने कापावा. मग कापलेली बाजू उलटी करून बघावी. ती भरीव आणि पांढरी दिसली तर मुळं फुटतील. मध्ये बारीक भोक दिसलं तर कोंब पोकळ व्हायला लागलाय, तो ओला राहून सडतो, मुळं धरत नाही. हे भोक टाचणीच्या टोकाएवढंही असू शकतं, त्यामुळे उजेडात धरून बघावं.

तुऱ्यांना आधार हवाच. फुलं पावसाने भिजली की वजन वाढतं आणि पोकळ दांडा वाऱ्यात कटकन मोडतो. रानात शेजारच्या उंच वनस्पतींच्या दाटीत तो आपोआप तोलला जातो, बागेत आपण त्याला एकटं उभं करतो आणि वर फुलं तिप्पट मोठी देतो. दांडे गुडघ्याला लागण्याआधीच तीन-चार काठ्या भोवती रोवून सुतळीचे सैल वेढे द्यावेत.

शंखी आणि गोगलगायी कोवळे कोंब रातोरात फस्त करतात. विष त्यांना आवरत नाही. पानांवर काळे डाग पसरत गेले तर तो सुडोमोनास जिवाणूचा रोग, त्यावर औषध नाही. रोगट पानं काढून जाळावीत आणि वरून पाणी मारणं बंद करावं.

पहिला बहर संपला की तुरा कापावा. बी धरू दिलं नाही तर खाली नवे कोंब येतात आणि उन्हाळ्याअखेर लहानसा दुसरा बहर मिळतो. फुलदाणीसाठी तुरे कापत असाल तर ते पिकलेल्या फळांजवळ ठेवू नका. फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूला डेल्फिनियम फार संवेदनशील आहे, रात्रीतून सगळी निळी संदलं गळून पडतात.

जिथे उन्हाळा कडक आणि रात्रीही उबदार असतात तिथे हिला बहुवर्षायू म्हणून वाढवायचा अट्टहास करू नये. शरद ऋतूत रोपं लावावीत, थंडीत वाढू द्यावीत, उष्मा चढण्याआधी फुलं घ्यावीत आणि झाड संपलं की पुढच्या वर्षी नवं लावावं. पॅसिफिक जायंट यासाठी चांगली.

काम करताना हातमोजे घालावेत, कारण रसाने काहींच्या त्वचेची आग होते. बिया लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. छाटलेली पालवी, विरळणीचे कोंब आणि फुलून गेलेले दांडे कंपोस्टच्या खड्ड्यात गेले तर काही बिघडत नाही, कुजताना अल्कलॉइडंही मोडतात. ते कुंपणापलीकडे चारणीच्या जागेत मात्र कधीही टाकू नयेत. उभ्या झाडाला तोंड न लावणारी गायही कापून टाकलेला हिरवा ढीग खाते.